तिची आंबील, माझी अंबाडी

स्वयंपाकघराच्या छताला पंख्यासाठी एक कडी ठेवलेली आहे. पंखा तिथं कधी बसलाच नाही. त्या कडीला एक गठुडं लोंबतंय. आमच्या घरचीच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला, वाळवलेला अंबाडीचा पाला. भादव्यात तिनं बांधलं तेव्हा गठुडं भोपळ्याएवढं होतं. आता मुठीत मावतंय.

मला अंबाडी आवडत नाही. लहानपणापासून नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं घोटाळा नको.

तरी त्या गठुड्यातली जवळजवळ सगळी मीच खाल्ली. ती गेल्यापासून दर दोन दिवसांआड सुनेला म्हणायचो, "रेणुका, आज अंबाडी भिजू घाल." रेणुका माझ्या तोंडाकडं बघायची आणि गठुडं सोडायची. पाला शिजायला लागला की घरभर तो आंबट, ओला वास. मग लसणाची फोडणी. फोडणीचा चर्र आवाज मला पहिल्यापासून आवडतो, वासही आवडतो, पण ती फोडणी जिच्यावर पडते ती भाजी आवडत नाही. मान खाली घालून खायचो. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून घ्यायचो. कशासाठी खात होतो ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. कालच्या येळवसेच्या सणापर्यंत.

मी चौथी शिकलेला माणूस. नातीनं, ईश्वरीनं, तिच्या जुन्या वहीची कोरी पानं दिलीत. "आबा, रेघेवर लिहा," म्हणाली. रेघेवर लिहितोय.

अंबाडीचा पाला माणसं खातात आणि काडीचा दोर होतो, हे आता शहरातल्या लेकरांना कुठून माहीत असणार. आमच्या जुन्या गावाला ओढा होता. सुगी सरली की वडील अंबाडीच्या काड्यांच्या पेंढ्या बांधून ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायचे. आठ-दहा दिवसांत त्या कुजायच्या. त्या डोहाचा वास अजून माझ्या नाकात आहे. मेलेल्या बेडकाचा आणि शेवाळाचा आणि आंबलेल्या पाण्याचा मिळून एक वास. आम्ही लेकरं गुडघाभर पाण्यात उभी राहून काडी सोलायचो. काडी पांढरी निघायची आणि हातात वाख यायचा, लांब, चिकट, म्हातारीच्या केसासारखा. महिनाभर हाताचा वास जायचा नाही. भाकरीला तोच वास, अंथरुणाला तोच. मग त्या वाखाचं दावं वळायचं, कासरा वळायचा, बैलाची येसण वळायची.

आणि त्याच झाडाचा पाला आई ताटात वाढायची.

"बैलाच्या नाकातली येसण माझ्या तोंडात कशाला?" असं मी एकदा म्हणलं होतं. सहा-सात वर्षांचा असेन. आई हसली. वडील हसले नाहीत. वडिलांनी ताट उचलून गोठ्यात ठेवलं आणि म्हणले, "जा, बैलासंगं जेव." मी गेलो. बैलानं माझी अर्धी भाकरी खाल्ली, अंबाडीला त्यानंही तोंड लावलं नाही. घरात येऊन मी ते सांगितलं तेव्हा मात्र वडील हसले. त्या दिवसापासून माझ्या ताटात अंबाडी पडली नाही. आई माझ्यापुरतं बेसन हाटायची.

बायको मिळाली ती अशी, की तिच्याकडं अंबाडीबगर दिवस जात नाही. तिचं माहेर नांदेडच्याही पलीकडं, इस्लापूरजवळ. तिचा बाप आणि माझा बाप माळेगावच्या जत्रेत बैलाच्या बाजारात भेटले. बैल जमला नाही, सोयरीक जमली. मांडवपरतणीला तिच्या गावी गेलो. सहस्रकुंडाच्या धबधब्याचं पाणी लांबून ऐकू यायचं, रात्रंदिवस कुणी जात्यावर दळत असल्यासारखं. जावई आला म्हणून सासूनं केळीच्या पानावर भात वाढला, वर तूप, आणि बाजूला हाताएवढा ढीग अंबाडीच्या भाजीचा. ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली, वर लाल मिरचीचं तेल.

"लाजू नका, जावाई. खूप केली आहे," सासू म्हणली.

मी भाताखाली दडपायला लागलो. पाणी वाढायला वाकलेल्या नव्या नवरीनं बघितलं. तिची धाकटी बहीण मंगल, आठ वर्षांची, दारात बसून माझ्याकडंच टक लावून होती, तिनंही बघितलं. मंगल तोंड उघडणार तेवढ्यात ही म्हणाली, "आई, ह्यांना पित्त आहे. वैद्यानं अंबाडी बंद केली." आणि माझ्या पानावरची सगळी भाजी उचलून घेऊन गेली.

पित्त मला जन्मात नव्हतं. पण त्या घरात पुढं सगळी वर्षं मी पित्तवाला जावई म्हणून ओळखला गेलो. मेव्हण्यांच्या लग्नांत आचाऱ्याला सांगितलं जायचं, दाजींना पित्त आहे. दाजी म्हणजे मी. मंगल मोठी झाली, तिकडंच किनवटकडं दिली, तिला लेकरं झाली, तरी मला बघितलं की विचारायची, "काय दाजी, पित्त काय म्हणून राहिलं?"

त्या वर्षी येळवस आली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूरकडं त्या दिवशी गावात कुत्रं सापडत नाही, सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून मांडायचे. ज्वारी तेव्हा डोक्याच्या वर गेलेली असते, करडई फुलायला लागलेली असते, हरभऱ्याला खार धरलेली असते. त्यातनं आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेऊन बायका येतात, वर घोंगडं. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेलं, लसूण-जिरं-हिरवी मिरची घालून. तीन दिवस आंबलेली आंबील प्याली की डोळे जड होतात आणि माणसं ज्वारीच्या सावलीला पडतात. आमच्याकडं आंबील आवडत नाही असं कुणी म्हणत नाही. म्हणता येत नाही.

माझ्या आईच्या हातची आंबील शेजारपाजारच्या चार शेतांतली माणसं मागून न्यायची. तिनं नव्या सुनेला पहिला पेला दिला. सुनेनं एक घोट घेतला. डोळ्यात पाणी आलं, गालफडं आत गेली, पण तिनं गिळला. आई समोर कमरेवर हात ठेवून उभी.

"कशी हाय?"

"चांगली आहे, आत्याबाई."

"मग पी की. अजून बिंदगी भरून हाय."

आई ओल्या दाण्या-पाल्याची भज्जी वाढायला वळली, तशी ही माझ्याजवळ सरकली. घोंगड्याखालनं पेला माझ्या मांडीवर ठेवला.  मी माझा पेला रिकामा करून तिथं ठेवला आणि तिचा प्यालो. आई परत आली तर सुनेसमोर रिकामा पेला. आईला एवढा आनंद झाला की तिनं तिला दुसरा भरून दिला. तोही मीच प्यालो. तिसराही. त्या दिवशी मी दुपारपासून जो ज्वारीत झोपलो तो दिवे लागणीला वडिलांनी पायानं ढोसून उठवला.

ते तिथं ठरलं. तोंडानं कधी बोललो नाही. तिची आंबील मी प्यायची, माझी अंबाडी तिनं खायची. तिनं बांधाच्या कडेनं अंबाडी लावली, दरसाल लावली, माहेरची आठवण म्हणून. खुडायची, घोटायची, फोडणी द्यायची, स्वतः खायची. माझ्या ताटात कधी वाढली नाही. एकदाही नाही. आईला आंबिलीचं शेवटपर्यंत कळलं नाही, का कळलं होतं आणि ती बोलली नाही, ते मला माहीत नाही.

किल्लारीच्या बाजूची आमची गावं भूकंपात पडली त्या पहाटेबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मी त्याच्या नंतरच्या ताटांबद्दल लिहितो.

आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. कुठून कुठून ट्रक यायचे. देणारी माणसं चांगली होती, त्यांना नाव ठेवणार नाही. पण पाव यायचे, मऊ, पांढरे, गोडसर. बिस्किटं यायची. प्लास्टिकच्या पिशवीत थंड पुऱ्या यायच्या. माझी आई तेव्हा सत्तरीला आली होती. तिनं पाव हातात घेतला, दाबला, सोडला, तो परत फुगला. म्हणली, "ह्याला चावायचं काय? हे तर उशी हाय." आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुऱ्या आल्या. "कुणाच्या लग्नाच्या हायत ह्या? मला न्हाई जायचं लग्नाला." ट्रकवाली पोरं हात जोडायची, आजी खा. आजी खायची नाही. मला लाज वाटायची. एवढं सगळं गेलंय आणि हिला भाकरी पाहिजे.

आमच्या घरचीला मात्र लाज वाटत नव्हती. ती मला कोपऱ्यात घेऊन म्हणली, "आत्याबाईला काही म्हणू नका. नाही म्हणून राहिल्या ना, चांगलं आहे. त्या पलीकडच्या शेडमधल्या बायका बघा. देतील ते खाऊन राहिल्या. काय खाल्लं ते विचारलं तर सांगता येईना त्यांना. मला त्यांची भीती वाटते."

ती आमच्या पडलेल्या घराकडं गेली आणि तीन दगड घेऊन आली. आपल्याच भिंतीचे. त्यांची चूल मांडली. पीठ कुणाकडनं मागून आणलं, परात नव्हती तर पत्र्यावर थापली. भाकरी भाजल्याचा वास शेडभर गेला. पलीकडच्या शेडमधनं एक बाई उठून आली, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा आपणहून उठली असं मागाहून कळलं, आणि चुलीपाशी येऊन बसली. आईनं भाकरी मोडली, तोंडात घातली आणि म्हणली, "जळाली हाय एका अंगानं." आमची घरची मला बघून हसली. मला तेव्हा त्या हसण्याचा अर्थ लागला नव्हता.

नवं गाव झालं. सरळ रस्ते, सारखी घरं, छताला पंख्याची कडी. ओढा लांब राहिला. अंबाडी कुजवायची पाळी गेली, नायलॉनचे दोर आले. लेकरं मोठी झाली, त्यांनी त्यांचं त्यांचं काय काय नको म्हणलं. माझा मुलगा बालाजी वांग्याला शिवायचा नाही, ती त्याच्यापुरतं शेंगदाण्याचं कूट भाकरीला लावून द्यायची. नात ईश्वरी तर सगळ्यालाच नको म्हणते, नूडल्स सोडून. रेणुका तिच्यामागं ताट घेऊन फिरायची तर आमची घरची म्हणायची, "म्हणू दे गं नको. नको म्हणायला अंगात ताकद लागते."

गेल्या उन्हाळ्यात मी आजारी पडलो. लातूरच्या दवाखान्यात वीस दिवस. काय झालं होतं ते डॉक्टरला माहीत. घरी आलो तो दुसराच कुणी आलो. मला काही वाटत नव्हतं. ऊन पडलं काय, ढग आले काय. ताटात दुधी भोपळा आला, खाल्ला. मुगाचं पाणी आलं, प्यालो. अळणी लापशी आली, खाल्ली. ती विचारायची, "मीठ कमी आहे का?" मी म्हणायचो, "असंल." ती विचारायची, "अजून वाढू?" मी म्हणायचो, "वाढ." ती समोर बसून माझ्या हाताकडं बघत राहायची. असे दोन महिने गेले. श्रावण गेला, पोळा झाला. बांधावरची अंबाडी खुडायला आली. ती खुडून अंगणात लुगड्यावर वाळत घालायची, आभाळ आलं की गोळा करायची, ऊन पडलं की परत पसरायची.

मग ती दुपार. तिनं ताट आणून समोर ठेवलं. भाकरी, आणि बाजूला हिरवीगार, लसणाच्या तेलात चमकणारी अंबाडी. दुसरं काही नाही.

मी ताटाकडं बघितलं. किती तरी दिवसांनी मला काहीतरी वाटलं, आणि तो राग होता.

"हे काय हाय?"

"भाजी."

"मला दिसतंय. येवढी वर्षं घातली न्हाई ती आत्ताच सुचली व्हय? म्हातारा पडलाय म्हणून काय बी घालशील?"

"खाऊन तर बघा."

मी ताट ढकललं. जोरात. ते फरशीवरनं घसरत भिंतीवर आदळलं, अंबाडी सांडली. आणि माझ्या तोंडातनं निघालं, "हे खाण्यापरीस दवाखान्यातच मेलो असतो तर बरं झालं असतं."

तिनं सांडलेलं हातानं भरलं, ताट घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून खाली बसली. तिची पाठ हलत होती. मी बघितली. मी उठून बाहेर ओट्यावर गेलो. आत गेलो नाही. संध्याकाळी तिनं पिठलं केलं, मी खाल्लं, मिरची जास्त झाली म्हणलं. अंबाडीचं मी काही बोललो नाही आणि तिनंही काही काढलं नाही.

चौथ्या दिवशी ती गेली. चहा ठेवला होता तिनं गॅसवर. तो उतू गेला.

माणसं रडली, मी रडलो नाही. मला फक्त ती पाठ दिसायची. दहाव्याला मंगल आली होती, माझ्याजवळ येऊन बसली, मी तोंड फिरवलं. काय सांगणार होतो? तुझ्या आक्काला शेवटचं मी असं बोललो म्हणून? चार दिवस होते माझ्याकडं, एक शब्द मागं घ्यायला. घेतला नाही.

म्हणून मी गठुडं खायला काढलं. तिनं वाढलेलं ढकललं ना, मग आता खा. सगळं खा, सरेपर्यंत खा. भादव्यापासून कालपर्यंत. सरल्यावर काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. काहीच ठरवलं नव्हतं. रेणुका बालाजीला म्हणायची ते मला भिंतीआडून ऐकू यायचं, "मामा कशालाच काही म्हणत न्हाईत. काल वरणात मीठ घालायचं ध्यानातनं गेलं माझ्या, तरी वाटी पुसून खाल्ली. मला काय बरं वाटंना."

माणूस गेलेल्या घरात पहिला सण करायचा नसतो. पण गेलेल्या बाईच्या माहेरचं कुणी येऊन सणाला बसवलं की घर मोकळं होतं, अशी आमच्यात रीत आहे. म्हणून परवा मंगल आली. किनवटहून नांदेड, नांदेडहून लातूर, पुढं जीप, एवढं करून. साठीला टेकलीय, गुडघे दुखतात, पण तोंड तेच. मला बघून पित्ताचं विचारायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

काल सकाळी शेतात गेलो. बालाजीनं कोप केली होती. रेणुकानं बिंदगी उतरवली. आजूबाजूच्या शेतांतनं हाका येत होत्या, धूर येत होता, भज्जीचा वास येत होता. ओल्या वाटाण्याचा, तुरीच्या दाण्यांचा, चुक्याचा, गाजराचा, सगळा हिवाळा एका भांड्यात शिजवल्यावर येतो तसा. पूजा झाली. पंगत बसली. रेणुकानं सगळ्यांना वाढलं आणि माझ्यासाठी डब्यातनं वेगळं काढलं. बिचारीला वाटलं, मामांना हेच लागतं.

मी पहिला घास घेतला. मंगलचा हात तसाच राहिला.

"दाजी, तुम्ही अंबाडी खाऊन राहिले?"

"खातो."

"काऊन?"

"मावशी, मामा दोन दिवसाआड मागून खातेत," रेणुका म्हणली. "आत्या गेल्यापासून."

"ह्यांना पित्त आहे," मंगल म्हणली, आणि हसली नाही. "दाजी, काऊन खाऊन राहिले ते सांगा."

मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर, लेकासमोर, सुनेसमोर. ताट, भिंत, मी काय बोललो ते, तिची पाठ. खाली भाकरीकडं बघून सांगितलं.  ज्वारीच्या पानांचा आवाज येत होता.

मंगलनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसत होती आणि डोळे पुसत होती.

"अहो दाजी, त्याच दुपारी तिनं फोन केला मला. तुम्ही ओट्यावर जाऊन बसले होते ना? तेव्हाच. हसून हसून तिला बोलता येईना. म्हणे, मंगे, आज ताट ढकललं गं ह्यांनी, भिंतीपर्यंत गेलं. मी म्हणलं, मग हसून काऊन राहिली येडे? तर म्हणे, दोन महिने झाले देईन ते खाऊन राहिले. माती वाढली असती तर खाल्ली असती. म्हणून आज मुद्दाम अंबाडी वाढली. म्हणलं, ही जर खाल्ली तर समजायचं माणूस आपल्या हातातनं गेला. नाही खाल्ली, मंगे. शिव्या दिल्या मला. भिंतीकडं तोंड करून बसले मी, हसू दिसलं असतं तर अजून तापले असते."

मी हातातला घास ताटात ठेवला. 

"अजून एक म्हणली ती," मंगल म्हणली. "म्हणली, आता मला घोर नाही."

पाठ तीच होती. मी साडेतीन महिने तीच बघत होतो. बांगड्या वाजत होत्या थोड्या, हे मला आता आठवलं. संध्याकाळी आत गेलो तेव्हा ते ताट चाटून पुसून ठेवलेलं होतं, सगळी भाजी तिनं चवीनं खाल्ली होती, हेही आठवलं. रडणारी बाई एवढी जेवत नाही. शेडमध्ये आईनं भाकरी जळाली म्हणल्यावर जशी हसली होती तशीच ती हसत असणार. मी समोर बसलो असतो तर दिसलं असतं.

छातीवरनं कुणी पोतं उचलून नेल्यासारखं झालं. श्वास खोलवर गेला आणि त्याच्याबरोबर तो वास गेला, आंबट, ओला, डोहाचा.  किती तरी दिवसांनी मला अंबाडीची चव कळली.

"रेणुका, हे काढ."

"काय मामा?"

"ही अंबाडी. काढ माझ्या म्होरून. बैलाच्या येसणीचं झाड हाय, माणसानं खायचं न्हाई."

रेणुकानं वाटी उचलली.  "मग काय वाढू?"

"भज्जी वाढ." वाढली. मी खाल्ली. "मीठ कमी हाय हिच्यात."

"व्हय मामा, कमीच हाय," रेणुका म्हणली. बोलणी खाऊन एवढी खूश झालेली बाई मी बघितली नव्हती. बालाजी उठून कोपीच्या मागं गेला, कडबा नीट करायला म्हणून. कडबा नीटच होता.

माझ्या शेजारी ईश्वरी आंबिलीचा पेला धरून बसली होती. एका हातानं नाक दाबलेलं. प्यायची नव्हती आणि आई रागवेल म्हणून टाकताही येत नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी घोंगडं जरा वर उचललं. पोरगी हुशार आहे, सांगावं लागलं नाही. पेला घोंगड्याखालनं माझ्या मांडीवर आला. मी माझा रिकामा तिला दिला.

"आबा, तुम्हाला आवडते?" ती हळूच म्हणली.

"लई."

"मग अंबाडी?"

"न्हाई."

"मग इतके दिवस का खाल्ली?"

"येडा व्हतो म्हणून," मी म्हणलं आणि पेला रिकामा केला. लसूण, मिरची, ज्वारी. आईच्या हातची नव्हती, पण जवळ जाणारी होती. मग लिंबाच्या डहाळीनं शेताच्या चारी कडेनं आंबील शिंपडत फिरलो. बांधावर अंबाडीच्या वाळक्या काड्या उभ्या होत्या, तिनं लावलेल्या. बोंडं सुकून फुटायला आली होती. त्यांच्यावर जरा जास्त शिंपडली. तिला चालली नसती ती, पण काड्यांना काय. येताना दोन बोंडं मोडून खिशात घातली. दुपारी ज्वारीच्या सावलीला पडलो आणि झोपलो. स्वप्न पडलं नाही. नुसती झोप लागली.

आज मंगल निघालीय. आत्ता तिनं स्टुलावर चढून कडीचं गठुडं सोडलं. मीच म्हणलं, घेऊन जा, तुझ्या आक्काच्या हातचं आहे, तुझ्या तोंडाला त्याची किंमत. तिनं पिशवीत घातलं. लुगड्याचा तुकडा मात्र सोडून मला दिला. बोंडातलं बी मी त्यात बांधून ठेवलंय. बारीक आहे, काळपट, मूठभरही नाही.

"दाजी, पित्त सांभाळा," मंगल जीपमध्ये बसताना म्हणली.

मृग लागला की बांधाला अंबाडी लावणार आहे. खाणार नाही.